डायमधून निघालेली तोफ

प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावर राष्ट्रगीत सुरू होतं आणि त्याच्या जोडीने तोफांची सलामी सुरू होते. ५२ सेकंदांत २१ बार, म्हणजे साधारण अडीच सेकंदांना एक. हा आवाज टीव्हीवर ऐकत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या, पण बार काढणाऱ्या तोफेकडे फारसं कुणी निरखून पाहिलेलं नसतं. २०२२ पर्यंत ती दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश २५ पौंडी तोफ होती. २६ जानेवारी २०२३ पासून तिची जागा देशी १०५ मिलिमीटर तोफेने घेतली. मूळ तोफ आता चौथऱ्यांवर, संग्रहालयांत आणि लष्करी केंद्रांच्या दाराशी उभी दिसते. आणखी एका ठिकाणी ती मिळते, ते म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेल किटच्या डब्यात.

या एकाच तोफेची तीन नावाजलेली किट आहेत. ब्रिटिश एअरफिक्सचं, १/७६ प्रमाणाचं, १९६०च्या दशकातलं. जपानी तामियाचं, १/३५ प्रमाणाचं, १९७०च्या दशकाच्या मध्यातलं. आणि हाँगकाँगच्या ड्रॅगनचं, पुन्हा १/३५चं, २०१० नंतरचं. तोफ एकच, पण तीन कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या काळांत ती घडवली. कुठलं किट चांगलं, या प्रश्नावर मॉडेल करणारे रात्र रात्र बोलतात. बहुतेक वेळा ते बोलणं भागांच्या संख्येवर आणि किमतीवर येऊन थांबतं. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघावं असं मला वाटतं, कारण या शहराला डाय आणि मोल्ड कळतात. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे प्लास्टिकचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने निघतात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे घडवणारी मुलं तयार होतात. पार्टिंग लाइन, ड्राफ्ट, इजेक्टर पिन, साइड कोअर हे शब्द इथल्या हजारो घरांत रोजच्या कामाचे आहेत. किटच्या डब्यातली तोफ समजून घ्यायला नेमके हेच शब्द लागतात.

आधी खरी तोफ. नळीचा आतला व्यास ८७.६ मिलिमीटर, नळीची लांबी सुमारे २.४६ मीटर. गोळ्याचं वजन २५ पौंड, म्हणजे सव्वाअकरा किलोच्या आसपास, आणि त्यावरूनच तिचं नाव. सर्वांत जोरदार बारूद घातली तर पल्ला १३,४०० यार्ड, सव्वाबारा किलोमीटर. गोळा आणि बारूद वेगवेगळे भरायचे. आधी गोळा नळीत ठोसून बसवायचा, मग मागून पितळेचं काडतूस. काडतुसात बारुदीच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या पिशव्या असत. जवळ मारायचं तर एकच पिशवी ठेवायची, लांब मारायचं तर तिन्ही. तोफेवर सहा माणसं. मॉरिस कंपनीची क्वाड नावाची बुटकी, उतरत्या पाठीची गाडी तिला ओढायची आणि दोघांच्या मध्ये दारूगोळ्याची दुचाकी पेटी असायची, तिला लिंबर म्हणतात. लिंबरमध्ये ३२ गोळे मावत.

आता ती लहान करायची. इथे पहिला फरक पडतो तो प्रमाणाचा, आणि किटमधली प्रमाणं मोठ्या विचारांती ठरलेली असतात असा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. १/७६ हे प्रमाण ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं. तिथे एका फुटाला ४ मिलिमीटर धरत. फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात, त्याला ४ने भागलं की ७६.२ येतात. रेल्वेच्या रुळांशेजारी रणगाडा आणि तोफ शोभावी म्हणून एअरफिक्सने तेच माप पुढे चालवलं. १/३५ची जन्मकथा त्याहून मजेची आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी तामियाने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल केलं. त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशोबाने रणगाड्याचा आकार ठरला. नंतर मोजलं तेव्हा तो साधारण १/३५ भरला. मॉडेल खपलं, पुढची मॉडेलं त्याच मापाने निघाली, आणि आज जगातली बरीचशी लष्करी मॉडेलं बॅटरीने ठरवून दिलेल्या त्या मापाला बांधलेली आहेत.

या दोन मापांत २५ पौंडी तोफेचं काय होतं ते पाहू. १/३५मध्ये नळी ७ सेंटिमीटर लांब आणि तिचं भोक अडीच मिलिमीटर. १/७६मध्ये नळी सव्वातीन सेंटिमीटरच्या आत आणि भोक सव्वा मिलिमीटरही नाही, त्यात मोहरीचा दाणा अडकेल. वजन तर याहून झपाट्याने घटतं, कारण लांबी ३५ पट कमी झाली की आकारमान ३५चा घन, म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. उदाहरणार्थ, विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आपल्या शेजारच्या अहमदनगरात ओतली गेली. महंमद बिन हसन रूमी हा तिचा ओतारी. लांबी ४.४५ मीटर, तोंडाचा आतला व्यास ७० सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ टन. त्याच धातूत ती १/३५मध्ये ओतली तर पावणेतेरा सेंटिमीटर लांब भरेल आणि वजन सव्वा किलोच्या थोडं वर जाईल. टेबलावर ती दोन्ही हातांनी उचलायची वस्तू होईल. त्या मानाने २५ पौंडी ही सडपातळ तोफ. अख्ख्या तोफेचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे १/३५मध्ये ४० ग्रॅम. प्लास्टिकचं मॉडेल त्याहूनही हलकं असतं, म्हणून ते हातात घेतल्यावर नेहमी थोडं पोकळ वाटतं.

खरी गंमत साच्यात आहे. किटचे भाग पॉलिस्टायरीनचे. सुमारे २०० अंशांच्या पुढे तापवलेलं हे प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात शिरतं, थंड होतं, साच्याचे दोन अर्धे भाग उघडतात आणि भागांची चौकट पिन्सच्या धक्क्याने बाहेर पडते. हे दोन अर्धे भाग सरळ रेषेत दूर जातात, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर तिन्ही किटमधला बराचसा फरक आपोआप उलगडतो. साचा उघडताना ज्यात भाग अडकेल असा कुठलाही आकार दोन भागांच्या साध्या साच्यात काढता येत नाही. आडवी झोपवलेली नळी घ्या. तिच्या तोंडाचं भोक साचा उघडण्याच्या दिशेला आडवं येतं. म्हणून जुन्या किटांत नळी एक तर तोंडाशी भरीव येते, नाही तर उभी चिरून दोन अर्धुकांत येते. भरीव असेल तर हातातल्या ड्रिलने भोक पाडावं लागतं, आणि ते मधोमध न पडलं तर सगळी तोफ तिरळी दिसते. अर्धुकं असतील तर चिकटवल्यावर वर आणि खाली सांध्याची रेघ उरते. ती पॉलिश पेपरने घासताना नळीचा गोलपणा जरासा जरी चपटा झाला, तरी रंग दिल्यावर उजेडात लगेच उघडा पडतो.

ड्रॅगनचं नाव झालं ते साइड कोअरमुळे, ज्याला मॉडेलवाले स्लाइड मोल्ड म्हणतात. साच्यात तिसरा सरकता भाग बाजूने आत येतो आणि नळीचं तोंड पोकळ करूनच बाहेर निघतो. वाळूजच्या कुठल्याही मोल्डिंग कारखान्यात हे तंत्र बघायला मिळेल. त्यात नवल नाही. अडीच मिलिमीटरच्या भोकासाठी त्यावर खर्च करायचा, हा निर्णय मात्र मोठा आहे. १९६०च्या दशकात लहान मुलाच्या खाऊच्या पैशांत विकायच्या डब्यासाठी असा साचा कुणी केलाच नसता. त्यामुळे एअरफिक्सच्या तोफेला ड्रॅगनच्या फुटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे. तिचा साचा त्या काळच्या टूल रूमने, हाताने कोरलेल्या नमुन्यावरून केलेला.

चाकांचं तेच. २५ पौंडीचे टायर हवेचे, खोल नक्षीचे. टायर साच्यात आडवा ठेवला तर परिघावरची नक्षी साचा उघडताना अडते. उपाय दोन. चाक दोन चकत्यांत करायचं, किंवा नक्षी उथळ ठेवायची. पहिल्या उपायात टायरच्या मधोमध सांधा येतो, दुसऱ्यात टायर झिजल्यासारखा दिसतो. डबा उघडल्यावर मी आधी चाकं बघतो, कारण किट करणाऱ्याने किती मनापासून काम केलंय ते चाकात लपत नाही.

गोलंदाजांच्या पुढे असलेल्या ढालीच्या बाबतीत तिन्ही किटांना हार मानावी लागते. समजा खऱ्या ढालीचा पत्रा ५ मिलिमीटर जाड धरला, तर १/३५मध्ये तो ०.१४ मिलिमीटर आणि १/७६मध्ये ०.०७ मिलिमीटर हवा. साच्यात एवढ्या फटीतून प्लास्टिक वाहत नाही, मध्येच गोठतं. म्हणून प्लास्टिकची ढाल नेहमी प्रमाणाबाहेर जाड. यावर उतारा म्हणजे आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे भाग. ते खरंच पातळ असतात, पण सुपरग्लूने चिकटतात, चुकीच्या ठिकाणी चिकटले की निघत नाहीत आणि वाकवताना मोडतात. पितळी ढाल नको असेल तर साधी युक्ती आहे. प्लास्टिकच्या ढालीच्या कडा मागच्या बाजूने उतरत्या घासाव्या. समोरून फक्त कडाच दिसते, त्यामुळे कडा पातळ झाली की डोळा अख्खी ढाल पातळ समजतो.

पण एवढं सगळं बघूनही किटची परीक्षा पुरी होत नाही. माझ्या लेखी खरी कसोटी ढालीत नाही की नळीत नाही. ती तोफेच्या पोटाखाली आहे.

२५ पौंडीच्या शेपटीखाली, म्हणजे मागे जमिनीवर टेकणाऱ्या आधाराखाली, पोलादाचा एक मोठा गोल पाट टांगलेला असतो. मोर्चा धरताना तो जमिनीवर टाकायचा आणि तोफ ओढून त्यावर चढवायची. मग चाकं त्याच्या कडेवर फिरतात, आणि शेपटीशी उभा असलेला एक गडी सगळी तोफ चहूबाजूंना फिरवू शकतो. त्याशिवाय तोफेची नळी आपल्या जागी डावी-उजवीकडे थोडीच वळायची. दौलताबादच्या किल्ल्यावर चिनी महालाच्या पुढे गेलं की गोल बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागे मेंढ्याचं डोकं कोरलेली, औरंगजेबाचं नाव लेवून बसलेली. तीही मधल्या खुंटावर फिरेल अशीच बसवलेली आहे. शत्रू कुठल्या अंगाने येईल याचा नेम नाही, हा तिचा आणि २५ पौंडीचा प्रश्न एकच. दौलताबादेत त्यासाठी बुरूज बांधला, २५ पौंडीने आपला बुरूज सोबत वाहून नेला. आमच्याकडच्या ज्या मुलाने मेंढा तोफ बघितली आहे, त्याला हा पाट समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून किट निवडताना बघावं ते हे. पाट वेगळा दिला आहे का, तो शेपटीखाली टांगलेला आणि जमिनीवर टाकलेला अशा दोन्ही अवस्थांत जोडता येतो का, त्याला शेपटीशी बांधून ठेवणारे ताण दिलेत का. त्यानंतर शेपटी. ती दोन भिंतींच्या पेटीसारखी, मध्ये मोकळी, आणि थोडी कुबड काढलेली आहे. मोकळी का? नळी वर उचलून बार काढला की ब्रीच, म्हणजे नळीचं उघडणारं मागचं टोक, धक्क्याने मागे आणि खाली येतं, त्याला तिथे जागा लागते. एखाद्या किटमध्ये शेपटी एकसंध आली असेल तर बाजूच्या भिंतींवर रिव्हेट नीट उठत नाहीत, कारण त्या भिंती साचा उघडण्याच्या दिशेला समांतर येतात. भिंती वेगवेगळ्या पाडून मग जोडल्या तर रिव्हेट ठसठशीत येतात. भाग वाढतात ते असे, आणि अशा वाढीला अर्थ असतो. एक साधा दांडा चार तुकड्यांत दिला म्हणून भाग वाढले, तर त्याला अर्थ नाही.

या कसोटीवर माझा कौल असा. पहिल्यांदाच किट करणाऱ्याने तामिया घ्यावं. तामियाची ख्याती भाग एकमेकांत बिनचूक बसण्याबद्दल आणि सूचनापत्रक स्वच्छ असण्याबद्दल आहे, ती या जुन्या किटलाही लागू पडते. पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्यातून आलेली असली तरी तोफ उभी कशी राहते, कुठला भाग कशाला जोडलेला आहे, हे ती हाताला शिकवते. सोबत गोलंदाजांचे पुतळे येतात, आणि माणसांशिवाय तोफेचा आकारच कळत नाही. ब्रीच, दुर्बिणी, उंची बदलायची चक्रं यांत रमणाऱ्याने ड्रॅगनकडे जावं, पण घाईने जाऊ नये. तिथे प्रत्येक भाग जोडण्याआधी कोरडा बसवून बघावा लागतो. एअरफिक्स घ्यावं ते क्वाड, लिंबर आणि तोफ हा सगळा लवाजमा एका डब्यात मिळतो म्हणून. तोफ एकटी लढत नसते, हे त्या छोट्या डब्याला मोठ्या डब्यांपेक्षा जास्त कळलेलं आहे.

तिन्ही डबे मूळचे ब्रिटिश सैन्याच्या तोफेचे. आपल्या टेबलावर ती भारतीय म्हणून करायची तर? त्यासाठी थोडा इतिहास लागतो, आणि तो अभिमानाइतकाच सलणारा आहे. भारतीय तोफखान्याची सर्वांत जुनी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या पायदळी तोफखान्यातून उभी राहिली. तो दिवस आजही गोलंदाजांचा दिवस म्हणून पाळतात. पण १८५७ नंतर इंग्रजांनी भारतीयांच्या हाती डोंगरी तोफांखेरीज फारसं काही ठेवलं नाही. मैदानी तोफा गोऱ्यांच्याच. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळुरात भारतीयांची पहिली मैदानी तोफखान्याची ब्रिगेड उभी राहिली, तोवर सत्तराहून अधिक वर्षं गेली होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात भारतीय डिव्हिजनांच्या मागे गरजणाऱ्या २५ पौंडी तोफांवर पुष्कळदा ब्रिटिश गोलंदाजच असायचे. ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते ८व्या भारतीय डिव्हिजनचे, आणि त्या डिव्हिजनच्या मैदानी तोफांच्या रेजिमेंट ब्रिटिश होत्या. मराठा नाव लावणारी ४थी अँटी-टँक रेजिमेंट मात्र त्याच डिव्हिजनमध्ये होती.

तरीही डब्यातल्या वाळवंटी तोफेवर भारतीय हात दाखवता येतात, आणि त्यासाठी काही ओढूनताणून जमवावं लागत नाही. २७ मे १९४२, लिबियातलं बीर हकीम. तिथून आग्नेयेला, नकाशावर १७१ असा आकडा असलेल्या जागेवर ३री भारतीय मोटर ब्रिगेड सकाळच्या पहिल्या प्रहरी इटलीच्या अरिएते डिव्हिजनच्या रणगाड्यांना सामोरी गेली. तिच्याबरोबर २री भारतीय फील्ड रेजिमेंट होती, २५ पौंडी तोफा घेऊन. लांबवर मारा करायला घडवलेल्या तोफांनी त्या दिवशी समोर दिसणाऱ्या रणगाड्यांवर थेट नेम धरला. गोल पाट अशा दिवसासाठीच असतो. रणगाडे वळसा घालून आले की तोफही वळते. रेजिमेंटने बरेच रणगाडे फोडले, पण ब्रिगेड चिरडली गेली. त्या तोफांच्या एका बॅटरीचे प्रमुख होते पी. पी. कुमारमंगलम. त्यांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला आणि १९६६ ते १९६९ या काळात ते स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख होते.

हा प्रसंग करायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. मे १९४२ची तोफ, म्हणून नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा मझल ब्रेक नको, तो नंतर आला. किटमध्ये असेल तर तो वगळून साधं तोंड लावावं. पाट जमिनीवर, चाकं त्याच्या कडेवर, नळी जवळजवळ आडवी. रणगाड्यावर थेट नेम धरताना नळी वर उचलत नाहीत, आणि किटच्या डब्यावरच्या चित्राचं अनुकरण करून ती उंच ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. शेपटीशी एक माणूस, नजर बाजूला, तोफ फिरवण्याच्या तयारीत. नेम धरणारा डावीकडे, कारण दुर्बिणी तिकडे आहेत. लिंबर जवळच, दार उघडं. रिकामी पितळी काडतुसं मागे पडलेली, ती नवी चकचकीत ठेवू नयेत, तोंडाशी धुराने काळवंडलेली दाखवावीत. पुतळ्यांच्या चेहऱ्यांचा रंग सर्वांचा एकच नको. वाळवंटातल्या उन्हात रापलेल्या भारतीय चेहऱ्यांसाठी तपकिरीत थोडा पिवळा आणि अगदी थोडा लाल मिसळून प्रत्येकाची छटा वेगळी करावी.

वाळवंट नको असेल तर १९६२च्या चीन युद्धातलं लडाखचं चुशूल आहे. तिथे १३व्या फील्ड रेजिमेंटच्या २५ पौंडी तोफा होत्या. १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची कंपनी लढली, पण मधल्या डोंगराआड ती जागा येत असल्याने तोफांचा आधार तिला मिळू शकला नाही. ही तोफ नळी ४० अंशांपर्यंतच उचलू शकत होती, आणि उभ्या डोंगरापलीकडे गोळा टाकायला त्याहून उंच नळी लागते. डोंगरी मुलुखासाठी मधोमध वाकणाऱ्या शेपटीची आवृत्ती काढली गेली होती ती अशाच अडचणीपायी. मॉडेल करणाऱ्याने नळी पाळण्यात, म्हणजे तिला धरणाऱ्या भागात, बसवताना हा कोन मोजून घ्यावा. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. नळी ४० अंशांच्या वर जात असेल तर समजावं की किट नाही, जोडणारा चुकला आहे, आणि गोंद सुकायच्या आत ती खाली घ्यावी.